दाजी, गोळ्यांना हात लावू नका

एकतीस वर्षं बँकेत ऑडिट करून मी निवृत्त झालो, तेव्हा शाखेतल्या मंडळींनी मला शाल घातली आणि मोकळा श्वास घेतला. त्यानंतर चुका काढायला माझ्या हाताशी फक्त बायको उरली. तिने पंधरा दिवसांत हात टेकले. त्यामुळे साताऱ्याहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, मेडिकलमधला पोरगा बहिणीच्या लग्नाला गेलाय, चार दिवस गल्ल्यावर बसाल का?" तेव्हा मी हो म्हणायच्या आधी ती माझी बॅग भरायला उठली होती.

दुकान मेहुण्याच्या नावावर, पण राज्य सलजेचं. रजिस्टर्ड फार्मासिस्ट ती. दुकानाचं लायसन आणि तिचं सर्टिफिकेट भिंतीवर बालाजीच्या शेजारी. पहिल्याच सकाळी तिने मला सांगून टाकलं, "दाजी, तुम्ही फक्त पैसे घ्यायचे. गोळ्यांना हात लावू नका." कोट्यवधींची खाती तपासलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

तिच्यावर माझा राग तसा जुनाच. मागच्या दिवाळीत माझा घसा धरला, तेव्हा तिने मला अँटिबायोटिक दिलं नव्हतं. घरच्या माणसाला म्हणे, "डॉक्टरची चिठ्ठी आणा." पाकिटावरची लाल रेघ दाखवली. हे शेड्यूल एच-वनमधलं औषध आहे, २०१४ पासून अशा प्रत्येक विक्रीची पेशंटच्या आणि डॉक्टरच्या नावासकट वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं, असं ऐकवलं. मी तणतणत मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. घसा तेवढ्यावरच बरा झाला, हे मी तिला अजून कळू दिलेलं नाही.

असो. पहिल्या दिवशी एक आजी पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या मागायला आल्या. सलज आत आलेला माल बिलाशी ताडून बघत होती. चार गोळ्यांसाठी तिला कशाला उठवायचं म्हणून मी कात्री घेतली आणि पाकिटाच्या टोकाकडून चार गोळ्या अशा सरळ कापल्या की शिंप्याने बघत राहावं. बॅच नंबर आणि एक्स्पायरी नेमकी त्याच टोकाला ठोकलेली होती. आजी ती घेऊन गेल्या. दुकानात सहा गोळ्या राहिल्या, निनावी. कधी बनल्या, कधी बाद होणार, काही पत्ता नाही. सलजेने त्या 'विक्रीसाठी नाही' लिहिलेल्या खोक्यात टाकल्या. "कापताना दुसऱ्या बाजूने कापायचं, दाजी. तारखेचं टोक शेवटपर्यंत राहिलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेली तेवढ्यात मी कपाट लावलं. एबीसीडीप्रमाणे. नवा माल पुढे, जुना मागे. दिसायला ताजं दिसावं. ती परत आली आणि कपाटासमोर जरा वेळ नुसती उभी राहिली. माझ्या शिस्तीमुळे हायड्रॅलझिन आणि हायड्रॉक्सिझिन खेटून बसले होते. एक रक्तदाबावरचं, दुसरं अंगाच्या खाजेवरचं, आणि डॉक्टरच्या घाईतल्या अक्षरात दोघं जुळे भाऊ. तिने ते मुद्दाम दोन वेगळ्या खणांत ठेवलेले. शिवाय ज्याची एक्स्पायरी आधी, ते पुढे ठेवायचं असतं. मी ते मागे दडवलं होतं. तिचा चहा त्या दिवशी गार झाला.

तिसरा दिवस मात्र मी एकट्याने गाजवला.

कोपऱ्यात छोटा फ्रिज. बाहेर आकडे दाखवणारा थर्मामीटर, खिळ्याला वही. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला तापमान लिहायचं, २ ते ८ अंशांच्या मधलं. अकराच्या सुमारास माझा मोबाइल मरायला टेकला. भिंतीवर प्लग एकच. मी फ्रिजची पिन काढली, चार्जर लावला आणि नातवाचे व्हिडिओ बघत बसलो. आत माझी ताकाची बाटलीही ठेवलेली होती. पाच वाजता ताक प्यायला गेलो, तर ते कोमट. थर्मामीटर १६ दाखवत होता.

इथे खरं बोललो असतो तर निभावलं असतं. पण मी ऑडिटर. चुकीचं काय करतात ते मी आयुष्यभर बघत आलोय. पिन गुपचूप लावली, इन्सुलिनच्या अकरा बाटल्या लवकर गार व्हाव्यात म्हणून बर्फाच्या कप्प्यात सारल्या, आणि सहाच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं: ५.

आठ वाजता एक मास्तर इन्सुलिन घ्यायला आले. सलजेला बाटल्या नेहमीच्या जागी सापडल्या नाहीत. सापडल्यावर तिने एक बाटली उजेडात धरली. आत बर्फ. तिने मास्तरांना स्वतःहून समोरच्या मेडिकलमध्ये पाठवलं, ज्याच्याशी मेहुण्याची दहा वर्षं बोलाचाल नाही. मग वही उघडली.

"दाजी, अक्षर छान आहे तुमचं."

काही तास बाहेर राहिलेल्या बाटल्या तिने बाजूला काढून कंपनीला विचारलं असतं. वापरातली बाटली तर घरी महिनाभर फ्रिजबाहेरही चालते. पण एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. वितळलं की ते पुन्हा पाण्यासारखं नितळ दिसतं, त्यामुळे घेणाऱ्याला कळत नाही आणि साखर उतरत नाही. हे ती अजिबात आवाज न चढवता सांगत होती. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

तिने माझा ५ खोडला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी मी कबूल केलेलं १६ लिहिलं, वेळ आणि कारण लिहिलं, सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. नोंद कशी दुरुस्त करावी हे मी ज्या पोरांना शिकवलं, त्यांच्यापेक्षा नेटकी दुरुस्ती होती.

अकरा बाटल्यांचे पैसे मी भरले. चौथ्या दिवशी गल्ल्यावर मेहुणा बसला. फ्रिजच्या पिनेवर आता चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर स्केचपेनने लिहिलंय, 'काढू नये. दाजींनी तर नाहीच.'