बुंध्याशी मुक्कामी काँक्रीटास खुले पत्र

प्रति,
श्रीमंत सिमेंट काँक्रीट,
मुक्काम झाडाचा बुंधा, शनिवार पेठ, पुणे.

विषय : जुन्या झाडांच्या तपासणीत श्रीमंतांचे सहकार्य.

जुन्या झाडाची तपासणी बुंध्यापासून सुरू होते. जमिनीलगत खोड पसरत मुळांत उतरते आणि वाऱ्याचा ताण तिथेच एकवटतो. हा भाग उघडा करून पाहण्याचे कष्ट शनिवार पेठेत श्रीमंतांनी वाचवले आहेत. पर्जन्यवृक्ष थेट पेव्हर ब्लॉकमधून उगवतो आणि पिंपळाचा पार दर डागडुजीला इंचभर उंच होतो. दिसत नाही ती भेग नाहीच, असा पेठी न्याय आहे.

एरवी भेगाभेगांत फरक असतो. कडा गोल होऊन मिटत आलेली उभी भेग फारशी काळजीची नसते. झाडाने ती जखम भरत आणलेली असते. ताज्या कडांची, लाकडात खोल गेलेली, विशेषतः खोडाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दिसणारी भेग मात्र खोड दुभंगत असल्याचे सांगते. सर्वांत तातडीची भेग खोडावर नसतेच. झाड कलले त्याच्या विरुद्ध बाजूची माती अर्धवर्तुळात फाटली किंवा उचलली गेली, की मुळांची पकड सुटू लागली असे समजावे. माती श्रीमंतांच्या पोटात असल्याने इथे ती फाटलेली दिसत नाही. फरशी तेवढी फुगते, आणि ती तत्परतेने बदलली जाते.

बुंध्याशी गॅनोडर्मा या बुरशीची तपकिरी, लाकडासारखी टणक छत्री उगवली, तर आतली कूज जुनी असते. लाकडी हातोडा मारला की आवाज पोकळ येतो. पोकळ झाड पाडलेच पाहिजे असे नाही : बाहेरचे निरोगी लाकूड त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश उरले, तर झाड बहुधा तग धरते, असा जर्मन अभ्यासक क्लाउस मॅथेक यांचा ठोकताळा आहे. केबलच्या चरात तोडलेल्या मुळांचा हिशेब त्यात धरलेला नाही.

राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षांवरील झाड वारसा वृक्ष ठरले. वारशाची चाड असल्याने श्रीमंतांनी मिठी सैल केली नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले, ते दिल्लीत. पेठेपासून दिल्ली लांब पडते.

तरी तेवढे एक मीटर श्रीमंतांनी पावसाळ्याआधी मागे सरावे, म्हणजे हातोडा मारायला जागा होईल.

कळावे. लोभ थोडा कमी असावा.