मध्यम श्रेणी

लोक डोंगर चढतात, मी तक्ता करतो. ताम्हिणी घाट उतरून भिऱ्याला जायचं, तिथून जंगलातून चालत देवकुंड धबधबा बघायचा आणि रात्रीच्या जेवणाला पुण्यात परत, एवढा साधा बेत सोसायटीच्या गच्चीवर निघाला. कोणीतरी म्हणालं, "तूच बघ रे सगळं." हे वाक्य लोक अंग काढून घेण्यासाठी वापरतात. मी ते नियुक्तिपत्र समजून घरी आलो आणि संगणक सुरू केला.

पहिल्या बैठकीत जुलै ठरला, कारण धबधबा बघावा तर भर पावसात. दुसऱ्या बैठकीत कळलं, की नेमकं भर पावसातच देवकुंडला जायला जिल्हा प्रशासन बंदी घालतं. कारण रास्त आहे. खाली ऊन पडलेलं असतं तेव्हा वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो. ते पाणी एकदम ओढ्याला उतरतं आणि मघाशी गुडघाभर पाण्यातून हसत पलीकडे गेलेली माणसं पलीकडेच राहतात. मेहुणा म्हणाला, "कोण बघायला येतंय!" मी इतिवृत्तात 'सूचना नोंदवली, मान्य केली नाही' असं लिहिलं. हो, इतिवृत्त. बैठक म्हटली की इतिवृत्त आलंच.

बेत दसऱ्यानंतरवर गेला. तारीख बदलली, तक्ता मात्र जुलैचाच राहिला. त्यात रेनकोट होते, सॅकवर घालायची प्लॅस्टिकची कव्हरं होती, कपड्यांचा दुसरा जोड आणि जळवांसाठी अर्धा किलो मीठ होतं. मिठाला न जुमानणाऱ्या जळवांसाठी तंबाखू होती. आमच्याकडे कोणी तंबाखू खात नाही, म्हणून मी टपरीवर जाऊन "जळवांसाठी हवी आहे" असं स्पष्ट सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "सगळे सुरुवातीला असंच काहीतरी सांगतात."

ट्रेकवाल्यांच्या हिशेबात देवकुंड 'मध्यम श्रेणी'त येतं. एका बाजूने पाच-सहा किलोमीटर चाल. सुरुवातीला धरणाच्या पाण्याच्या कडेने सपाट, मग जंगल, शेवटी दगडधोंड्यांतून चढ. 'मध्यम' वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. शाळेत मार्क मध्यम, नोकरीत हुद्दा मध्यम, आवाज मध्यम. फक्त शर्टाचं माप मध्यम राहिलेलं नाही, पण ही बाब मी तक्त्यात घेतली नव्हती. सराव म्हणून पर्वतीला जायला लागलो. शंभरेक पायऱ्या चढायच्या, उतरायच्या आणि खाली आल्यावर भेळ. महिनाभरात भेळ तिखट खाण्याची पातळी वाढली.

निघालो त्या दिवशी मुळशीपर्यंत सगळं तक्त्याप्रमाणे झालं. तलाव दिसू लागला की 'माहिती, पंधरा मिनिटं' असा रकाना होता. त्याप्रमाणे मी गाडीत उलटा वळून बसलो आणि बोलू लागलो. १९२१ साली सेनापती बापटांनी इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. गावं, शेतं जाणार होती. धरण झालंच. १९२७ पासून इथलं पाणी बोगद्यातून आणि प्रचंड नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं जातं. म्हणजे बघा, मुळा नदीचं जे पाणी पुण्यावरून भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते वीज करून कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं.

"म्हणजे पुण्याचं पाणी जवळजवळ शंभर वर्षं कोकणात उतरतंय," मेहुणा म्हणाला, "आणि पुण्याच्या माणसांना उतरायला जूनपासून ऑक्टोबर लागला." उरलेली बारा मिनिटं मी समोर बघून बसलो.

गाडीचं दार उघडलं आणि भिऱ्याचं ऊन आत आलं. भिरा डोंगरांच्या खोबणीत आहे, तिथे हवा तापते आणि तापूनच राहते. २०१७ च्या मार्चमध्ये इथला पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या होत्या. हे मी माझ्या तक्त्याच्या तळटिपेत दिलं होतं. तळटिपा कोणी वाचत नाही. लिहिणारासुद्धा.

गावातला वाटाड्या पोरगा आमच्या पिशव्यांकडे बघत राहिला. "राहायला आलाव काय, काका?"

"एका दिवसाचंच सामान आहे."

"पाणी नि खायचं घ्या, बाकी गाडीत टाका."

मी त्याला संकटकालीन नियोजन समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि हिच्याकडे पाहिलं. ही आकाशाकडे बघत होती. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. माझ्या पाठीवर रेनकोट, मीठ, थर्मास, प्रथमोपचार पेटी आणि घडीचं स्टूल होतं.

सपाटीचा भाग मी मोठ्या रुबाबात पार केला. जंगल सुरू होतं तिथे एका मावशींची झोपडीवजा टपरी होती. लिंबू सरबत, काकडी, उकडलेली अंडी. तिथे पोचेपर्यंत माझ्या छातीतून असे आवाज येऊ लागले, की वाटाड्याने थांबून कुठला प्राणी आहे हे पाहिलं. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे. मी मागची फळी सांभाळतो." मला वाटलं, कोणीतरी आग्रह करेल. सगळ्यांनी आपापल्या जड पिशव्या माझ्याजवळ ठेवल्या आणि अंगात वारं भरल्यासारखे निघून गेले. स्टूल उलगडून मी बसलो. सामानातली एवढी एकच वस्तू उपयोगी पडली, तीही जिच्यावरून घरी दोन दिवस वाद झाला होता.

"तुमी नाय जात?" मावशींनी विचारलं.

"मी नियोजन केलंय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि मीठ लावून काकडी दिली. मीठ माझंच.

तासाभरात मागून पोरांचं एक टोळकं आलं. माझ्या गळ्यात शिट्टी, मांडीवर तक्ता, पुढे पिशव्यांची रास. त्यांचा गैरसमज होणं साहजिक होतं. "काका, पावती इथे दाखवायची ना?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण हात आधीच पुढे झाला. पावती नीट पाहिली. "किती जण? पोहता येतं म्हणून कुंडात उतरायचं नाही, पाणी खोल आहे. पुढे ओढा लागेल, मग चढ, शेवटी दगड निसरडे आहेत. वाटाड्याला सोडून जाऊ नका. चारच्या आत इथे परत." एकेक वाक्य तक्त्यातलं. पोरं "हो काका" म्हणत रांगेत गेली. पुढच्या घोळक्याने तर स्वतःहून पाण्याच्या बाटल्या मोजून दाखवल्या. एकाने विचारलं, वर कितपत छान आहे? मी म्हणालो, "अप्रतिम."

आमची मंडळी संध्याकाळी उन्हं कलताना परतली. ओली, लाल आणि चाळीस मिनिटं उशिरा. मी सर्वांसमोर घड्याळ दाखवलं. हिने काही न बोलता माझ्या गळ्यातली शिट्टी काढून पिशवीत टाकली.

निघताना मावशींचे पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी काकडीचे घेतले नाहीत. "पोरं नीट विचारून जातात तुमी असल्यावर," त्या म्हणाल्या. "रविवारी लय गर्दी असते, काका. येत जावा."

तारखा बघून कळवतो, असं मी म्हणालो.