पाच घोडे, पाच माणसं

आमच्या विहिरीवरचं इंजिन पाच हॉर्सपॉवरचं होतं आणि ते सुरू करायला माणसंही पाच लागत. एक हँडल मारायला, एक लिव्हर पाडायला आणि तिघं सल्ला द्यायला.

मूळ घराणं इंग्लंडातलं. डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमाराला एका सिलिंडरचं, मिनिटाला ६०० फेरे घेणारं डिझेल इंजिन काढलं. पुढे राजकोटकडे त्याच्या हुबेहूब नकला निघाल्या. आमचं इंजिन त्याच भावकीतलं, धाकट्या पातीचं. ऐट मात्र थोरल्या पातीची.

त्याला ना बॅटरी, ना स्पार्क प्लग. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा तिच्यात आपोआप पेटतो. तात्यांना हे कधीच पटलं नाही. "काडी ओढल्याबिगर पेटतंच कसं?" असं विचारत ते बिडीसाठी काडेपेटी शोधत.

हँडल मारताना आधी लिव्हरने व्हॉल्व उचलून धरायचा. मग हवा दबत नाही आणि इंजिनाची ती अजस्र चाकं हलतात तरी. चाकांनी वेग घेतला की लिव्हर पाडायची. लवकर पाडली तर चाकं जागीच अडतात, उशिरा पाडली तर हँडलवाल्याचा दम संपतो. त्यामुळे "पाड!" म्हणायचा मान कुणाचा, यावरून आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेतल्या नावांइतकाच वाद होई.

चाकांच्या दर दोन फेऱ्यांत स्फोट एकदाच. अर्धा फेरा जोर, उरलेला दीड फेरा चाकं आपल्या वजनावर निभावतात. हे ऐकून काकी म्हणाली, "आपल्या घरात उलटं आहे. चाक एकच, फुटणारेच जास्त."

इंजिनावरून पंप फिरवणारा पट्टा घसरला की त्याला राळ लावायची. विहिरीतल्या नळीच्या तळाचा फुटव्हॉल्व गळला की पंप पाणी सोडे. मग त्यात बादल्या ओतायच्या. विहिरीतलं पाणी काढायला आधी घरचं पाणी घाला, हा व्यवहार फक्त शेतीतच चालतो.

पण एक सुख होतं. इंजिन थंड ठेवायला पंपाचंच थोडं पाणी त्याच्या अंगातून फिरवलेलं असे, ते बाहेर पडे कढत होऊन. थंडीत त्या नळीखाली अंघोळीला रांग लागायची. ऊस भिजला का, ही चौकशी अंग पुसून झाल्यावर.

पुढे विजेची मोटर आली. बटण दाबलं की पाणी. सगळे खूश. काकी तेवढी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "म्हणजे उद्यापासून बंब मीच पेटवायचा ना?"