जावयाला कुठं न्यायचं?

"बाई, जरा कुंपणापाशी या की. एक विचारायचंय."

वैनींनी असं बोलावलं की समजावं, त्यांचं सगळं ठरलेलं आहे, फक्त आपली मान हलायची बाकी आहे.

लेक, जावई आणि नात नाताळच्या सुट्टीत नेदरलँड्सहून येणार. राहायला उट्रेख्तला. आधी पुणे, शेवटी लातूर आणि मध्ये धाराशिवच्या वाट्याला जेमतेम एक दिवस. लातूरच्या विहीणबाईंनी मात्र आख्खा आठवडा ठेवून घेतलाय. त्या विषयावर पहिली दहा मिनिटं गेली. तो मजकूर इथं देत नाही, हे लिखाण लातुरातही वाचलं जाऊ शकतं.

"तर मी म्हणलं, सकाळी तुळजापूर, दुपारी नळदुर्ग, संध्याकाळी परंडा. कसंय?"

"वैनी, नळदुर्ग एका टोकाला, परंडा दुसऱ्या. मुक्काम गाडीतच करायचाय का?"

"आमचे जावई तिकडं असंच फिरवतेत ओ."

वैनी मागं लेकीकडं नेदरलँड्सला जाऊन आल्या. तिकडचं फिरणं त्यांनी मला परत आल्यापासून निदान पाच-सहा वेळा सांगितलंय. लेक म्हणत होती, एका शनिवारी डेल्फ्ट नाहीतर लायडन, एक काय ते ठरव. जावई म्हणाले, तिकडं गावं जवळजवळ आहेत, दर थोड्या वेळानं रेल्वे आहे, दोन्ही करू. मधे हेग घातलं. संध्याकाळी वैनींच्या लक्षात राहिलं काय, तर तीन स्टेशनं, गार पाव आणि डेल्फ्टच्या दुकानात काचेआडून बघितलेली ती निळ्या नक्षीची पांढरी भांडी. "हात लावायला बी येळ नव्हता," म्हणाल्या.

"मग तोच खेळ इथं कशाला मांडताय?"

वैनी गप्प. एवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून अण्णांचा आवाज. अण्णा मूळचे परंड्याचे. त्यांच्यासमोर परंड्याचं नाव निघालं की पुढचा अर्धा तास निजामशाहीतल्या मलिक अंबरचा.

"परंड्याला न्यायलाच पायजे! विजापूरला लोक मुलूखमैदान तोफ बघाय जातेत ना, ती आमची. 1632 साली नेली आदिलशाहीवाल्यांनी."

"अण्णा, म्हणजे नेलेली तोफ दाखवायला एवढ्या लांब जायचं?"

"बाकीच्या हैत की! पंचधातूच्या! आन् अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी कुठं आली? परंड्याला!"

हे खरं आहे, किल्लाही देखणा आहे. पण लहान पोरीला घेऊन खडबडीत रस्त्यानं जाऊन यायचं, म्हणजे दिवस प्रवासातच गेला.

नळदुर्गाचं दुःख वेगळं. बोरी नदीवर आडवा बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल, 1613 सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा. नर-मादी धबधब्याचे दोन लोट त्या बांधावरून कोसळतात आणि आपण मधल्या महालात कोरडे उभे. पण हे सगळं बोरी भरून वाहते तेव्हा. डिसेंबरात धारा कुठल्या? थंडीत तिथं खंडोबा तेवढा भेटेल. तो अणदूरहून नळदुर्गला मुक्कामाला येतो. देवाला वर्षात दोन गावं पुरतात, आपल्याला एका दिवसात तीन हवीत.

"आन् देवीचं दर्शन?" वैनींनी हुकमाचं पान टाकलं.

"पुण्याहून सोलापूरमार्गे येतील तेव्हा तुळजापूर वाटेतच लागतं. तेव्हाच उरकून घ्या. मंगळवार, शुक्रवार तेवढा चुकवा."

"उरकून काय म्हणताय ओ! दर्शन हाय ते!"

बरं, घेऊन या म्हटलं. आणि मग माझं पान टाकलं: तेर.

"तेरला काय हाय? गोरोबाकाका. ते तर आपण दरसाल जातो."

जातो, डोकं टेकवतो, चहा पिऊन परत येतो. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी आपल्या प्रवासाच्या पोथीत लिहितो, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, तिथून गाड्या भरून कापड भडोच बंदराला जातं. तगर म्हणजे हेच तेर. तो माल पुढं रोमन साम्राज्यात जायचा. आणि जावयाचं उट्रेख्त? तेही त्याच शतकात रोमनांनी ऱ्हाईन नदीकाठी बांधलेल्या एका ठाण्यापासून सुरू झालं. साम्राज्याच्या उत्तरेच्या कडेला शिपाई बसलेले, त्यांच्या श्रीमंतांच्या अंगावरच्या कापडात थोडं आपल्याकडचं. जावयाला ही दोन टोकं जोडून दाखवा, ते स्वतःच गाडी काढतील.

वैनींनी पदर खोचला. म्हणजे ऐकायला तयार.

तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून पाऊस पडला की मणी, नाणी, खापरं वर यायची. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरेंनी ती जन्मभर गोळा केली, त्यातून सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तिथं एक छोटीशी हस्तिदंती बाई आहे, अंगभर दागिने ल्यालेली. तिच्यासारखीच एक इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तीही आहेत. डेल्फ्टवाले चिनी भांड्यांची नक्कल करायला लागले सतराव्या शतकात. आपल्याकडं ही पांढरी माती त्याच्या दीड हजार वर्षं आधी साच्यातून निघत होती. बाहेर पडलं की त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल, कारण मूळचं ते बौद्ध चैत्यगृह. मग तेरणेकाठी कुंभारसंत गोरोबाकाका. नातीला काकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवली, कुणाचं मडकं कच्चं ते सांगितलं, ही गोष्ट तिथंच बसून सांगा. अमकं शतक, तमकं शतक असलं काही सांगायला जाऊ नका, पोरगी पळेल.

"आन् सगळं अर्ध्या तासावर," वैनी म्हणाल्या. "सोमवारी बंद असंल का ओ म्युझियम?"

"आधी विचारून घ्या."

अण्णा वरून म्हणाले, "तेरवरनं परंडा काय लांब नाही." आम्ही दोघींनी तिकडं बघितलंच नाही.

वैनींनी तिथंच कुंपणाला टेकून लेकीला फोन लावला. "अगं, बाई म्हणल्या तेरला जाऊ. एकच गाव, निवांत. हां, हां... आन् जमलंच तर येडशीचं रामलिंग, वाटंतच की. आन् धाराशिव लेणी तर घरामागंच..."