पी व्हॅल्यू 'खाली आणा' म्हणणाऱ्या गाईड सरांना



एमबीएच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट आपण परवा परत केलात. लाल पेनाचा शेरा एकच: 'हायपोथिसिस प्रूव्ह होत नाही. डेटा पुन्हा पाहणे.' पुन्हा पाहायचा म्हणजे काय, ते आपण तोंडीच समजावलंत. काही फॉर्मांवरच्या 'असहमत'चं 'सहमत' केलं की पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते आणि निकाल 'लक्षणीय' ठरतो. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम. आपल्या मार्गदर्शनाला तोड नाही.

विषय साधा होता. यूपीआय घेतल्यावर किराणा दुकानाची विक्री वाढते का? त्यासाठी पोरीने भर मे महिन्यात सांगलीतली दुकानं पालथी घातली, तीही दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. हातातला छापील कागद बघून दुकानदारांना आधी जीएसटीवालेच आठवायचे. एकाने तर लिकर्टची 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' पट्टी बाजूलाच सारली. गल्ल्याशेजारच्या साउंडबॉक्सवर हात ठेवून म्हणाला, "अहो ताई, पैसे फोनवरनं दिले म्हणून किलोची साखर कोण दोन किलो नेतंय होय?" तिने ते वाक्य फॉर्मच्या समासात जसंच्या तसं उतरवलं. अख्ख्या अहवालात वाचण्याजोगं तेवढंच होतं. आपण त्यावर नेमकी काट मारलीत.

सोनेरी अक्षरांचं काळं बाइंडिंग, ऋणनिर्देशात आधी संस्थाचालक आणि मग आईवडील, हे सोडून देऊ. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून आपण लिटरेचर रिव्ह्यूतले शब्द इकडचे तिकडे करून घेता, तेही सोडून देऊ. गंमत एवढीच, की मनाने भरलेले आकडे कुणाशीच जुळत नाहीत. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते अस्सल स्वतंत्र संशोधन.

०.०५ ही रेघ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात 'सोयीची' म्हणून सुचवली. शेती-संशोधन केंद्रात खतांच्या प्रयोगांशी झटणारा तो माणूस. 'फरक नाही' असं धरून चालणारं शून्य गृहीतक कधी सिद्ध होत नसतं, फार तर खोटं ठरू शकतं, हे त्यांनीच १९३५ मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे 'प्रूव्ह होत नाही' हा आपला शेरा मुळातच लंगडा. फार लांब कशाला, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे घ्या. पीक कापणीच्या प्रयोगात तुकडा फार लहान घेतला की काठावरची रोपं आत मोजली जातात आणि उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिलं. तिथे रोपं नकळत आत यायची. इथे ती आपण हाताने उपटून आत लावता.

नेदरलँड्सच्या टिलबर्ग विद्यापीठातले डिडेरिक स्टापेल प्रश्नावल्यांची उत्तरं स्वतःच बनवायचे. २०११ मध्ये भांडं फुटलं, नोकरी गेली आणि पन्नासहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. पण निदान ते पाप त्या गृहस्थाने स्वतःच्या हातांनी केलं हो! आपण ते तेवीस वर्षांच्या मुलीकडून करून घेताय, आणि वर त्याला 'रिसर्च मेथडॉलॉजी' म्हणताय. लाज वाटायला हवी, सर.

पण आपली बाजूही गावभर ठाऊक आहे. अकरा महिन्यांचं कंत्राट, तीन महिन्यांचा थकलेला पगार. उन्हाळ्यात ॲडमिशनचं टार्गेट घेऊन डिग्री कॉलेजांच्या दारात पत्रकं वाटायची, उरलेल्या वेळात नॅकच्या फायली लावायच्या. त्यातच तीस प्रोजेक्ट तपासायचे. वरून प्राचार्यांची तंबी, की रिझल्ट 'पॉझिटिव्ह' दिसले पाहिजेत, कंपन्यांना दाखवायचे असतात. अशा माणसाने साखरेवरचं वाक्य वाचायचं कधी?

तरीही तिने फॉर्म बदललेले नाहीत. 'लक्षणीय फरक आढळला नाही' हे वाक्य तसंच ठेवून तिने प्रोजेक्ट पुन्हा आपल्या टेबलावर ठेवला आहे. सही करावी, ही विनंती. पुढच्या अभ्यासासाठी तिने विषयही हेरून ठेवलाय: विनाअनुदानित व्यवस्थापन संस्थांतल्या गाईडांचा थकलेला पगार. सॅम्पल साइजची अडचण येईल असं तिला वाटत नाही. पहिला फॉर्म आपण भरावा. नाव लिहिण्याची सक्ती नाही.