आमच्यात बसेल का?

लेखी परीक्षा पास. टेक्निकल राउंड पास. मॅनेजरचा राउंडही पास. मग एचआरबरोबर अर्धा तास ‘सहज गप्पा’ होतात आणि दोन दिवसांनी मेल येतो: आपली गुणवत्ता उत्तम आहे, पण आमच्या कल्चरमध्ये आपण फिट बसत नाही. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत नोकरी शोधणाऱ्या कुणालाही विचारा, हा मेल त्याला तोंडपाठ असतो.

कोडिंग कच्चं असेल तर माणूस क्लास लावतो. कल्चर कच्चं निघालं तर कुठे जायचं?

तुमचं कल्चर नेमकं काय, असं कंपनीला विचारा. भिंतीकडे बोट दाखवतील. तिथे सचोटी, आदर, टीमवर्क फ्रेम करून लावलेलं असतं. एन्रॉनचीही छापील मूल्यं होती: आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. दाभोळच्या प्रकल्पामुळे ही कंपनी आपल्याला चांगलीच ठाऊक. हिशेबातली लबाडी बाहेर आली आणि डिसेंबर 2001मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. भरती करताना तिथेही कुणीतरी उमेदवाराची सचोटी तपासत असेलच ना?

मग मुलाखत घेणारा जोखतो तरी काय? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी बड्या बँका, वकिली फर्म आणि सल्लागार कंपन्यांमधल्या भरती करणाऱ्यांच्या 120 मुलाखती घेतल्या आणि 2012मध्ये निष्कर्ष छापले. मुलाखतीच्या टप्प्यावर निम्म्याहून अधिक जणांनी कल्चर फिटला पहिला नंबर दिला होता. त्यात छंद जुळले पाहिजेत, पार्श्वभूमी जुळली पाहिजे, बोलण्याची ढब जुळली पाहिजे. काहींची कसोटी तर अशी, की याच्याबरोबर विमानतळावर अडकून पडलो तर वेळ बरा जाईल का?

नोकरी विमानतळावर करायची नव्हती.

आपल्याकडे गाडी छंदांपर्यंत पोचतच नाही. आडनावावर थांबते.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहसंशोधक पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4808 अर्ज धाडले. शिक्षण आणि अनुभव तोडीस तोड. फरक फक्त नावांचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुस्लीम नावाला जेमतेम एक-तृतीयांश. उमेदवाराचं तोंडही कुणी पाहिलेलं नव्हतं.

हा अभ्यास मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’नं ऑक्टोबर 2007मध्ये छापला. सोबत सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा लेख होता. दिल्लीच्या एचआर मॅनेजरांनी त्यांना मोकळेपणानं सांगितलं होतं, की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि तितक्याच मोकळेपणानं हेही, की घरची पार्श्वभूमी विचारल्याशिवाय माणूस कळत नाही.

वडील काय करतात? मूळ गाव कोणतं? घरचं वातावरण कसं आहे? ज्याचे आईवडील दर हंगामाला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या बीडच्या मुलानं काय सांगावं? खरं सांगितलं तर वातावरण बसत नाही. खोटं सांगितलं तर सचोटी बसत नाही.

घटनेचं 16वं कलम सरकारी नोकरीत समान संधीची हमी देतं. खासगी कंपनीच्या दारात ते थांबतं. तिथे नकाराचं कारण मागायची सोय नाही आणि मिळालंच तर ‘फिट नाही’ हेच मिळतं. एवढ्यावर कुठला वकील केस उभी करील?

मुलींचे प्रश्न आणखी वेगळे. लग्नाचा काय विचार? उशिरापर्यंत थांबायला घरून परवानगी आहे ना? भरतीत स्त्री म्हणून डावलायला कायद्यानं 1976पासून मनाई आहे. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीनं ही पगारी रजा 26 आठवड्यांची झाली आणि तो पगार मालकानं द्यायचा आहे. हे आकडे एचआरला नीट माहीत असतात. रजेच्या धास्तीनं नाकारलं असं कुणी लेखी देत नाही. कल्चरचं कारण देतात.

कामाची एक रीत असते, ती जपायलाच हवी. चूक दडपणारा, ज्युनिअरवर खेकसणारा, दुसऱ्याचं श्रेय लाटणारा माणूस कुणालाच नको. मग तेच विचारा! शेवटची मोठी चूक साहेबांना कधी सांगितलीत, कशी सांगितलीत? सगळ्यांना तेच प्रश्न, तोच गुणतक्ता, आणि दोघांनी एकमेकांचं न बघता गुण द्यायचे. ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज गप्पांपेक्षा चांगला येतो, हे मानसशास्त्रज्ञ कित्येक दशकं सांगत आलेत. याला खर्च काहीच नाही. फक्त ‘मी माणूस बघताक्षणी ओळखतो’ हा अभिमान सोडावा लागतो.

ऑनलाइन बूट विकणाऱ्या अमेरिकेच्या झॅपॉस कंपनीनं वेगळी वाट धरली. नव्या माणसाला प्रशिक्षणाच्या काळातच सांगायचे: इथे जमणार नाही असं वाटत असेल तर पैसे घे आणि जा. ही रक्कम पुढे 2000 डॉलरवर गेली. जमतंय की नाही हे नव्या माणसानं ठरवायचं आणि भुर्दंड कंपनीनं सोसायचा. आपल्याकडे नव्या पोराकडून दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतात.

तेव्हा एचआरच्या मंडळींनो, नकाराच्या मेलमध्ये ‘फिट’ लिहायचंच असेल तर त्याखाली तीन ओळी वाढवा: कोणता प्रश्न विचारला, काय उत्तर आलं, किती गुण दिले. त्या तीन ओळी लिहिता येत नसतील, तर त्या उमेदवाराला ऑफर लेटर पाठवा.