छप्पर आणि तीन भिंती

नवं घर बघायला गेलेला माणूस सगळ्याची चौकशी करतो. देवघराची दिशा, टँकर लागतो का, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या काय उभं राहणार, सगळं. मग चपला घालता घालता विचारतो, "आणि पार्किंग आहे ना?" "आहे ना, सर!" त्या एका 'आहे ना'वर माणूस वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो.

आमचंही तसंच व्हायच्या बेतात होतं. घोडबंदर रोडवरचा सॅम्पल फ्लॅट बघून आम्ही दोघं विरघळलो होतो. टेबलावर प्लॅस्टिकची संत्री, बेडरूममध्ये सहा फुटी माणसाची पावलं बाहेर राहतील असा बेतशीर पलंग. सॅम्पल पार्किंग मात्र कुठल्याच बिल्डरकडे नसतं. ते का नसतं, हे मामांना सोबत नेलं तेव्हा कळलं.

मामा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत, पण खिशातली पाच मीटरची टेप अजून सेवेत आहे. जे एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत चढलं नाही ते काम झालंच नाही, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा.

"काका, एक कव्हर्ड कार पार्किंग कॉम्प्लिमेंटरी आहे," सेल्सचा मुलगा म्हणाला.

"म्हणजे फुकट?"

"एकदम फुकट."

"मग या कागदावर खाली 'इन्फ्रा चार्जेस' साडेचार लाख कशाचे?"

"ते क्लबहाउस, रस्ते, लँडस्केपिंग..."

"बरं. समजा आम्हाला पार्किंग नकोच, तर हे किती कमी होतील?"

मुलाने कॅल्क्युलेटर काढला. "साडेतीन लाख," तो म्हणाला आणि मग जीभ चावली.

मामांनी चहा मागवला. बिल्डरच्या खर्चाने चहा मागवला की समजायचं, आता सुप्रीम कोर्ट येणार. २०१० साली ते आलंच होतं. दहिसरच्या पांचाली सोसायटीवर बिल्डरनेच दावा लावला होता की, स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली पार्किंग माझी, मी हवी त्याला विकीन. कोर्ट म्हणालं, उघडी असो की स्टिल्टमधली, ती सोसायटीच्या सामायिक जागेत मोडते, वेगळी विकता येणार नाही. तेव्हापासून पार्किंगचा भाव कागदावरून गेला आणि 'इन्फ्रा'मध्ये दडून बसला. पुढे रेराचा कायदा आला. त्यात उघडी पार्किंग सामायिकच राहिली, पण गॅरेजची व्याख्या आली: छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. लग्नानंतर आम्ही राहायचो त्या खोलीला याहून एकच भिंत जास्त होती.

"आमची कोणत्या प्रकारची?" मामांनी विचारलं.

"काका, ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय ना, 'वन कव्हर्ड कार पार्किंग'."

"कुठली? किती बाय किती? उंची?"

"उंची?" मुलाचा चहा थांबला.

मामांनी मोबाइलवर महारेराचा आदेश काढला, एप्रिल २०२४ चा. पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची, इमारतीतली नेमकी जागा, हे सगळं परिशिष्ट म्हणून वाटपपत्राला आणि विक्रीकराराला जोडायचं. "सरकार उगाच कागद वाढवत नाही रे," मामा म्हणाले. यावर मी काही बोललो नाही. "उंची लिहा म्हणतात, म्हणजे कुणाची तरी गाडी तुळईखाली अडकली असणार."

मग आम्ही हेल्मेट घालून पोडियमवर गेलो. नकाशात आमची जागा अडीच मीटर रुंद होती. मामांनी खांबाच्या आतून टेप धरली, सव्वादोन भरली. वॅगनआर एक मीटर बासष्ट सेंटिमीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजू मिळून जेमतेम दोन फूट. त्यातल्या एका फुटातून दार किलकिलं करून उतरायचं, तर माणूस एकतर बारीक हवा किंवा फार चिकाटीचा.

"सर, यापेक्षा स्टॅकमधली घ्या," मुलगा उत्साहाने म्हणाला. स्टॅक म्हणजे लोखंडी फळीवर एक गाडी वर, एक खाली. खालची काढल्याशिवाय वरची उतरत नाही. खालचे शेजारी गणपतीला देवगडला गेले आणि किल्ली घेऊन गेले, की वरचा माणूस विसर्जनापर्यंत रिक्षाने फिरतो. ते लवकरात लवकर यावेत म्हणून दीड दिवसाच्या गणपतीचं महत्त्व तो व्हॉट्सॲपवर पाठवत राहतो.

"तुमची गाडी कोणती आहे, सर?" मुलाने शेवटी मूळ मुद्द्याला हात घातला.

"अजून घ्यायचीय," मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला ठाण्यात संताप म्हणतात. पण मामांकडे त्याचंही उत्तर होतं. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी जाहीर केलं की, पार्किंगचा दाखला नसेल तर नवीन गाडीची नोंदणी होणार नाही, असं धोरण आणणार. "ते मंत्री ठाण्याचेच," मामा अशा सुरात म्हणाले, की मंत्री त्यांना विचारूनच बोलले असावेत. "जागा आधी, गाडी मागाहून."

पुढे मॅनेजर आले, त्यांचे वकील आले, "आमचा फॉरमॅट स्टँडर्ड आहे" हे वाक्य निरनिराळे टाय लावून आलं. टोकन परत घेऊ म्हटल्यावर फॉरमॅट मऊ झाला. जिन्याजवळची, खांब नसलेली जागा मिळाली; क्रमांक, लांबी, रुंदी आणि तुळईच्या खालून मोजलेली उंची परिशिष्टात चढली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठे देताना मामांनी नेमकं तेच पान उघडून बघितलं. फ्लॅटचं क्षेत्रफळ त्यांनी वाचलंसुद्धा नाही.

परवा रात्री मामांना त्या सेल्सच्या मुलाचा फोन आला. आवाज दबका.

"काका, मी बदलापूरला वन बीएचके बघतोय, दुसऱ्या बिल्डरचा. रविवारी टेप घेऊन याल का?"

"येतो की. पार्किंग आहे ना?"

"'आहे ना' म्हणालेत," तो म्हणाला.